शेपटाकडचे वावर

"उत्तरेकडून थंडीची लाट येत आहे. बुधवार रात्रीपासून पुढील तीन रात्री पश्चिम खानदेशात थंडी असाधारण वाढेल. नदीकाठच्या व खोलगट जमिनीत दंव गोठून उभ्या पिकास धोका संभवतो." तलाठ्याने कागद खाली घेतला आणि चष्म्यावरून चावडीतल्या माणसांकडे पाहिले. "पुण्याच्या वेधशाळेची तार धुळ्याला आली. मामलेदारसाहेबांनी ती नदीकाठच्या सगळ्या गावांना धाडली आहे. पिकाला पाणी द्या, बांधावर धूर करा, असंही लिहिलंय. ऐकलं ना सगळ्यांनी?"

ऐकले सगळ्यांनी. पण मंगळवारची सकाळ होती, ऊन छान पडले होते, आणि असल्या उन्हात बसून उद्याच्या थंडीला घाबरायचे म्हणजे जरा अवघडच.

"पुन्हाले बशीसन आठली थंडी कशी दखास, भाऊ?" मागून कोणीतरी म्हणाले आणि दोन-चारजण हसले.

वना पाटकरी हसला नाही. तो चावडीच्या उंबऱ्यापाशी फावडे टेकून उभा होता. फडातून येताना त्याने एक ओंबी तोडून आणली होती. ती त्याने तळहातावर चोळली, फुंकर मारून कोंडा उडवला आणि एक दाणा नखाने दाबला. दुधाचा थेंब बाहेर आला. गव्हाला हेच दिवस जपण्याचे. दाणा एकदा घट्ट झाला की थंडी त्याचे काही करू शकत नाही, पण दुधातला दाणा थंडीने एका रात्रीत चिपाड होतो. वडखेड्याचा सगळा फड आज दुधात होता.

पांझरेच्या काठी फडाचे शेत कसे चालते हे ज्याला ठाऊक नाही, त्याला वनाची अडचण कळायची नाही. नदीला गावाने जुना दगडी बंधारा घातलेला. बंधाऱ्यातून पाट निघतो, आणि पाटाखालची सगळी जमीन म्हणजे फड. मालक पन्नास, पण पीक सगळ्यांचे एकच आणि पाणी देणारा हातही एकच, पाटकऱ्याचा. मालकाने आपल्या वावराचे बारे, म्हणजे पाणी आत शिरायचे तोंड, स्वतः उघडायचे नाही. कोणाच्या वावरात किती पाणी हे पाटकरी ठरवणार. म्हणूनच वडखेड्याचा नियम असा होता, की ज्याची फडात जमीन त्याला पाटकरीपण नाही. वनाला जमीन नव्हती. त्याच्या बापालाही नव्हती. तरणा असल्यापासून तो पाटावर होता आणि वनाने अमक्याला घोटभर पाणी जास्त दिले असे आजवर गावात कोणाच्या तोंडून निघाले नव्हते. दुसरे काही त्याच्यापाशी नव्हतेच. एवढे एक होते, आणि ते तो फार जपायचा. जरा जास्तच जपायचा.

"पाटील," वना उंबऱ्यावरूनच म्हणाला, "उद्यानं पानी मुखथून सुरू व्हनार शे. पन मुखनी जमीन उच्ची शे, तठे थंडी कमी. शेपटाकडे नाला शे, खोल शे. थंडी बठ्ठी तठे उतरस. एक दिवसमा पुरा फड काई भिजत नई. मी म्हनस, उद्या पानी शेपटापासून देऊत."

भाईदास पाटील हे फडाच्या पंचांचे म्होरके. जड अंगाचे, जड बोलण्याचे गृहस्थ. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. बोलले मात्र रुपचंद. त्यांची वावरे अगदी मुखाशी, पाट जिथे फडात शिरतो तिथे.

"उलटं पानी? आज्या-पंज्यापासून पानी मुखथून शेपटाले जास. आते पुन्हाथून कागद उना आन पानी उलटं व्हयनं का?"

"एक दिवसनी गोट शे, रुपचंदभाऊ."

रुपचंद जरा थांबले. माणूस वाईट नव्हता. पण ज्याचे पहिले पाणी जाते त्याच्या जिभेला हाड राहत नाही. "बरोबर शे," ते म्हणाले. "वनानी आंडेर शेपटाले शे ना! मंग पानी उलटं नई ते काय व्हई?"

लेकीचे नाव निघताच चावडीतल्या माना वनाकडे वळल्या. तलाठ्याला त्यांची बोली नीट कळत नव्हती, पण काहीतरी लागले हे त्यालाही समजले असावे. तो कागदाची घडी घालू लागला.

वनाची एकुलती एक लेक वच्छला गावातच दिली होती. तिचा नवरा पितांबर गेल्या दसऱ्यालाच भावांपासून वेगळा निघाला आणि वाटणीत त्याला फडातले अगदी शेवटचे, नाल्याच्या कडेचे वावर आले. हंगामात पितांबर धुळ्याला कापसाच्या जिनात कामाला जायचा आणि आठवड्याने घरी यायचा. वावर सगळे वच्छलाच करायची. वेगळ्या चुलीचे त्यांचे हे पहिले पीक. वर्षाचे खाणे त्याच्यावर होते.

वनाच्या पाण्यावर कोणीतरी बोट ठेवले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. कोणी चार शिव्या घातल्या असत्या तर त्याने हसून सोडून दिल्या असत्या, पण हे वाक्य त्याला सोडता येईना. त्याने हातातले फावडे पंचांच्या पुढ्यात आडवे ठेवले.

"मनी आंडेरनं वावर शेवटले भिजी," तो म्हणाला. "शेपटाकडलं बठ्ठास्नं व्हयनं का मंग तिनं. पंचसमोर बोली ऱ्हायनू."

"तसं कोनी म्हनेल नई, वना," भाईदास पाटील म्हणाले.

"कोनी म्हनो ना म्हनो. मी म्हनस."

पंचांनी मान डोलावली. रुपचंदांनीही डोलावली, पण खाली पाहून. वनाने फावडे उचलले आणि तो चावडीच्या पायऱ्या उतरला. त्याच्या मनात हिशेब पक्का होता. पौषात नदी बारीक असते. रात्रभर बंधारा तुंबतो आणि दिवसभर पाट वाहतो. तेवढ्या पाण्यात खालची सगळी वावरे भागून संध्याकाळी वच्छलाचेही भिजणार. आणि समजा नाहीच भिजले, तरी थंडी काय एकदम येऊन उरावर बसत नाही. ती पायरीपायरीने चढते. पहिली रात्र चाहुलीची, दुसरी जरा बोचरी, तिसरी खरी. जन्मभर त्याने हेच पाहिले होते. गुरुवारी सकाळी पहिले पाणी लेकीला द्यायचे, म्हणजे झाले.

ही गोष्ट त्याने वच्छलाला सांगितली नाही. सांगायला हवी होती.

बुधवारी पहाट फुटताना तो बंधाऱ्यावर होता. वारा पडला होता. आभाळ असे स्वच्छ, की एखाद्याने घासून पुसून ठेवावे. वनाला ते आभाळ आवडले नाही. त्याने फळ्या काढल्या आणि पाणी पाटातून धावू लागले, तसा तोही पाण्याच्या बरोबरीने काठाकाठाने निघाला. मुखाकडची सगळी बारी त्याने आदल्या दिवशीच मातीने पक्की लिंपली होती. पाणी कुठेही न थांबता शेपटाला पोचले तेव्हा ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवरच होते.

वच्छला आपल्या वावराच्या बांधावर उभी होती. नऊवारीचा काष्टा मारलेला, डोक्याला फडके, हातात खुरपे. पाणी येताना दिसले तशी ती वाफ्यांच्या पाळी सारख्या करायला खाली वाकली. पहिले बारे तिचे. पाणी शेपटापासून द्यायचे तर शेवटचे वावर पहिले, हे लहान मुलालाही कळावे.

वनाने तिच्या बाऱ्याला हात लावला नाही. वरच्या अंगाला निंबा नावाच्या शेतकऱ्याचे वावर होते, त्याचे बारे त्याने फोडले. पाणी तिकडे वळले.

वच्छला ताठ झाली. "आबा, पहिलं बारं आमनं शे."

"शे. पन आज नई."

"काबर?"

"पंचसमोर बोलेल शे मी. तुनं शेवटले."

तिने एकदा पाण्याकडे पाहिले, एकदा बापाकडे. "वावर आमनं," ती म्हणाली, "आन बोल तुमना."

"संध्याकायपावत भिजी तुनं. नई ते सकाय पहिलं पानी तुले. पहिल्या रातले काई व्हत नई, पोरी."

"कागदमा काय लिखेल व्हतं? आज रातपासून ना?"

वना वळला. तो फावडे खांद्यावर टाकून निंबाच्या वावरात शिरला आणि पाण्यापुढे वाट करत राहिला. फावडे मारताना त्याला पाठीवर तिची नजर जाणवत होती. एकदा मागे वळून पाहावे असे वाटले. पण मागे पाहिले तर आपले हात तिच्या बाऱ्याकडे जातील, याची त्याला खात्री होती. म्हणून त्याने पाहिले नाही.

दुपारपर्यंत काम असे सरसर झाले, की त्याच्या जिवात जीव आला. एकेक वावर भिजत होते. लोक बांधांवर पाचट, तुराट्या, ओला पाला आणून ढीग रचत होते. रात्री धूर करायचा होता. काल हसणारेही आज हसत नव्हते, कारण दुपार झाली तरी उन्हाला ऊब नव्हती. बायको गेल्यापासून वनाची दुपारची भाकरी वच्छलाच पाटावर आणायची आणि तो जेवेपर्यंत समोर बसून गावातले काहीबाही सांगायची. आजही ती आली. भाकरी आणि वर ठेचा, फडक्यात बांधलेला. तिने ते त्याच्या हातात दिले आणि न बसता परत गेली. तिलाही पाचट गोळा करायचे होते, हे त्याला कळत होते. तरी ती दिसेनाशी होईपर्यंत तो तिकडेच पाहत राहिला.

तेवढ्यात वरून ओरडा आला.

"पाट फुटना! पाट फुटना!"

भाकरी तशीच टाकून वना धावला. आमराईच्या वळणावर घुशीने पाटाचा काठ पोखरला होता आणि तिथून पाणी खदखदत पडीक जमिनीत चालले होते. वना गुडघाभर पाण्यात उतरला. माती टाकली, वाहून गेली. दगड टाकले, त्यांच्या फटीतून पाणी निघू लागले. चारजण मदतीला आले, त्यांत रुपचंदही होते. धोतर खोचून, डोक्यावर दगड घेऊन. शेवटी वनाने खांद्यावरची घोंगडी काढली, तिची गुंडाळी केली आणि भगदाडात पायाने कोंबली. वरून दगड, वरून माती. पाणी थांबले. पण तोवर किती वाहून गेले होते, हे कोणी बोलून दाखवायची गरज नव्हती. पडीक रानात तळे साचले होते. त्यात एक बगळा येऊन उभा राहिला होता.

वना पाटातून वर आला तेव्हा त्याचे दात वाजत होते. सूर्य आता पाठीवर घ्यावा इतका खाली आला होता.

शेपटाकडे परतल्यावर त्याने पाहिले, दोनच वावरे उरली होती. एक यशोदाबाईचे, एक वच्छलाचे. यशोदाबाईला पुढेमागे कोणी नव्हते. ती बाऱ्याजवळ पदर आवळून बसून होती. पाटातले पाणी पोटरीइतके होते, ते आता घोट्यावर आले होते. बंधारा रिकामा होत चालला होता. दोन्ही वावरे भिजतील एवढे पाणी नव्हते. हे वनाला कळले, यशोदाबाईलाही कळले, आणि पलीकडे तुराट्यांचा भारा टाकून उभ्या राहिलेल्या वच्छलाला तर केव्हाच कळले होते.

रुपचंद त्याच्या मागोमाग आले होते. त्यांच्या अंगावरचा चिखल अजून ओला होता. ते जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "वना, पोरनं भरी टाक पहिले. तिनं खोल शे. मी बोलनू ते इसरी जाय. कोनी काई म्हनस नई."

वनाने फावडे मातीत रोवले. आता बोलायचे नुसते 'बरं' एवढेच होते. ज्याने डाग लावला तोच पुसायला आला होता. यशोदाबाईचे वावर जरा उंचावर होते, ते कदाचित निभावलेही असते. यशोदाबाईने मान वर केली नाही. "पोरनं भर" असे ती म्हणाली नाही, "मनं भर" असेही म्हणाली नाही; ती पाण्याकडे बघत राहिली. बिचारीचे काय चुकले? तिलाही वर्षभर खायचे होते.

आणि वच्छला बापाकडे बघत होती. तिने मागितले नाही. तिच्या बाजूने एक शब्द आला असता, नुसते "आबा" एवढे जरी आले असते, तरी पुढचे सगळे वेगळे झाले असते, असे वनाला नंतर कितीदा तरी वाटले. पण तीही त्याचीच लेक होती.

"यशोदाबाईनं ऱ्हायेल शे," वना म्हणाला. "तिनं व्हयनं का मंग."

"आरे, मी सांगी ऱ्हायनू ना तुले!"

"तुम्ही एकला सांगी ऱ्हायनात, भाऊ. मी पंचसमोर बोलेल शे."

त्याने यशोदाबाईचे बारे फोडले. पाणी आता आळसावले होते. एकेक वाफा भरायला चिलीमभर वेळ लागू लागला. वना फावड्याने, हातांनी, शेवटी पायांनी पाणी पुढे लोटत होता. घाई कर, घाई कर, असे त्याचे सगळे अंग म्हणत होते आणि पाणी मात्र आपल्याच चालीने चालले होते. यशोदाबाईचा शेवटचा वाफा भिजला, तसे त्याने ते बारे घाईघाईने लिंपले आणि धावत जाऊन वच्छलाचे फोडले. हाताने फोडले, फावडे घ्यायलाही तो थांबला नाही.

पाणी आत शिरले. पहिला वाफा भरला. वच्छला पुढे वाकून वाट करत होती, बाप मागून पाणी लोटत होता. दुसरा वाफा भरत आला. पाटातले पाणी करंगळीएवढे झाले. मग दोऱ्याएवढे. मग पाटाच्या तळाला ओल तेवढी चकाकत राहिली आणि तिसऱ्या वाफ्याच्या तोंडाशी येऊन पाण्याची जीभ मातीत जिरली.

वना गुडघ्यावर बसला होता तसाच बसून राहिला. सूर्य नाल्यापलीकडे गेला होता. वच्छलाने हातातले खुरपे कमरेला खोवले आणि तुराट्यांचा भारा उचलला.

"जा आबा," ती म्हणाली. "अंग वल्लं शे तुमनं. थंडी बाधी."

त्या रात्री थंडीने पायऱ्या मोजल्या नाहीत. पुण्याच्या कागदात लिहिले होते तशी ती आली आणि पहिल्याच रात्री आली. फडाच्या बांधाबांधावर धूर होता, वच्छलाच्याही बांधावर होता, पण वारा मुळीच नसल्यामुळे धूर जिथल्या तिथे उभा राहिला आणि खोलातले हीव खोलातच बसले.

गुरुवारी उजाडता वना फडावर आला. वाटेतल्या गवतावर पांढरा पापुद्रा होता, पायाखाली कुरकुरत होता. मुखाची वावरे ठीक होती. उंच जमिनीने त्यांना सांभाळले होते. शेपटाकडची भिजलेली वावरे हिरवी उभी होती. निंबाचे हिरवे, यशोदाबाईचे हिरवे. कडेला एखाददुसरा वाफा कोळपला असेल, तेवढेच. वना शेवटच्या वावराकडे वळला.

वच्छलाचे वावर हिरवे नव्हते. ओंब्या ताठ उभ्या होत्या, पण रंग उडालेल्या फडक्यासारखे सगळे फिकट पडले होते. ऊन चढेल तशी पाती माना टाकत होती. आणि त्या सगळ्या उजाड फिक्या रानाच्या एका कोपऱ्यात, बाऱ्याजवळ, दोन वाफे हिरवेगार होते. कोणी मुद्दाम आखून दाखवावे, की बाबा, एवढेच पाणी हवे होते.

वच्छला बांधावर बसली होती. तिच्या हातांना धुराची काजळी होती. ती रडत नव्हती. रडली असती तर वनाला तिच्याजवळ जाता आले असते.

"देखा, आबा," ती म्हणाली. "दोन वाफा."

वनाने ते दोन वाफे पाहिले. तो वळला आणि पाटाच्या काठाने उलटा चालू लागला, बंधाऱ्याकडे. तिथे त्याने फळ्या काढल्या. पाणी आले. मुखापासून शेपटापर्यंत एकही बारे न उघडता ते त्याने वच्छलाच्या वावरापाशी आणले आणि बारे फोडले. सकाळचे पहिले पाणी. तिसरा वाफा, चौथा वाफा, पाचवा. जळालेल्या गव्हात पाणी चढू लागले.

"आबा, आते कसाले?" वच्छला उठून उभी राहिली.

"सकाय पहिलं पानी तुनं, आसं बोलेल व्हतू."

"आबा, ऱ्हाऊ द्या."

तो थांबला नाही. शेजारच्या वावरांतले लोक आपापली कामे सोडून बांधावर आले होते. कोणी पुढे होऊन त्याच्या हातातले फावडे घेतले नाही. त्याने सगळे वावर भरले, शेवटच्या वाफ्यापर्यंत, नेहमीसारखे बेताचे, ना कमी ना जास्त. मग बारे लिंपून पाणी निंबाच्या अंगाला वळवले.

पुढच्या दोन रात्री आभाळ आले आणि थंडी मऊ पडली. गावाला फार बरे वाटले. पंचांनी चावडीत वनाला बोलावून फेटा बांधला. अर्धा फड वनाने वाचवला, असे भाईदास पाटील म्हणाले, आणि ते खरेच होते. लेकीपेक्षा फड मोठा मानला, असेही कोणीतरी म्हणाले. तेव्हा वनाने मान खाली घातली. लोकांना ती नम्रता वाटली. रुपचंद मात्र फेटा बांधायच्या आधीच उठून गेले. त्या दिवसापासून ते वनाच्या नजरेला नजर देत नसत. वच्छलाला द्यायची म्हणून त्यांनी गव्हाची एक गोण पितांबरकडे धाडली, ती पितांबरने ठेवून घेतली. न घेऊन करतो काय?

वच्छला दुपारची भाकरी आणत राहिली. एक दिवसही चुकली नाही. भाकरी द्यायची आणि जायची. बसायची तेवढी नाही. वना एकटा जेवायचा. कधीकधी तो तिला हाक मारायला तोंड उघडायचा. मग फडके गुंडाळून ठेवून द्यायचा.

शिमगा झाला आणि गव्हाची कापणी लागली. त्या वर्षी वच्छला दुसऱ्यांच्या वावरांत कापायला जात होती. यशोदाबाईच्या वावरात गेली, निंबाच्या गेली, रुपचंदांच्याही गेली. कंबर वाकवून सगळ्यांच्या पुढे तिची पात असायची. ते दोन वाफे सोडले तर तिचे स्वतःचे वावर तिने केव्हाच कापून बैलांना चारा म्हणून दिले होते.

वडखेड्याच्या फडाची अशी रीत होती, की कापणी झाली की दर मालकाने आपल्या वावरातली एक पेंढी पाटकऱ्याला द्यायची. हीच त्याची वर्षाची मिळकत. चावडीसमोरच्या मैदानात वना उभा राहायचा आणि लोक एकेक करून पेंढी आणून त्याच्यापुढे ठेवायचे. मुखाच्या मालकापासून सुरुवात आणि शेपटाला शेवट. पाण्याचा क्रम तोच पेंढ्यांचा. पेंढीत खोट नसायची. पाटकऱ्याला हलकी पेंढी देणे म्हणजे नदीला फसवणे, असे लोक मानायचे.

त्या संध्याकाळी ढीग चांगला झाला होता. रुपचंदांची पेंढी तर दोन पेंढ्यांएवढी होती. निंबाची आली. यशोदाबाईने आपली आणली, ठेवली आणि जरा रेंगाळून ती निघून गेली. वनाने ढिगाला दोर लावायला घेतला. आता कोणी यायचे नव्हते.

"थांबा आबा. आमनी ऱ्हायनी."

वच्छला पेंढी डोक्यावर घेऊन उभी होती. मैदानातले चार-सहाजण वळून पाहू लागले.

"तुना वावरमा काय पिकनं, पोरी?" वना म्हणाला. "माले नको."

"जितलं पानी भेटनं, तितलं पिकनं," ती म्हणाली. "त्यामानीच शे हाई."

तिने पेंढी उतरवली. ढिगावर टाकली नाही, बापाच्या हातात दिली. ती चांगली जड होती. दोन वाफ्यांत मिळून किती पेंढ्या निघाल्या असतील, हे वनाला बांधावर न जाता सांगता आले असते. त्याने मान वर केली तोवर ती वळली होती. घरी बैलांचे पाणी व्हायचे होते.

वनाने सवयीने एक ओंबी तोडली आणि तळहातावर चोळली. फुंकर मारली. कोंडा उडाला आणि दाणे राहिले, टपोरे, लालसर, एकही चिपाड नाही. असे दाणे हातात आले की माणूस तोंडात टाकतोच. त्यानेही हात तोंडापर्यंत नेला. मग मूठ मिटली, आणि दिवेलागण होईपर्यंत तो तिथेच ढिगापाशी मूठ मिटून उभा होता.